बेचाळीस यंत्रे, एकोणीस हार

आजचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या सुवर्णलाभ प्रेसपार्ट्सचे कार्यकारी संचालक निरंजन साहेब, व्यासपीठाची शोभा वाढवणाऱ्या कंपनी सेक्रेटरी विजयश्री मॅडम, आजचे सत्कारमूर्ती, आपले स्टोअरकीपर दत्तोबा, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी सरूबाई वहिनी, आणि समोर जमलेले माझे सहकारी व भागधारक! खरं तर हे दोन शब्द वेगळे उच्चारायचं कारण नाही, आपण बहुतेक जण दोन्ही आहोत. सर्वांना मेंटेनन्सच्या भीमराजचा नमस्कार.

तीस वर्षं प्रेसच्या आवाजात काढलेला माणूस मी. आवाज चढला तर तो राग समजू नये.

मघाशी अध्यक्ष महोदय म्हणाले, "दत्तोबा ही आपल्या कंपनीची खरी मालमत्ता आहे." टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. म्हटलं, चला, सगळ्यांना डोळ्यांनी दिसणारी एक तरी मालमत्ता निघाली.

दत्तोबांविषयी काय सांगावं? चाकणला आपला पत्र्याचा एकच शेड होता, तेव्हापासून ते स्टोअर सांभाळतात. त्यांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जुने हातमोजे दाखवल्याशिवाय नवे मिळत नाहीत. एकदा साहेबांच्या चिरंजीवांनाही त्यांनी खिडकीवरून परत पाठवलं होतं. "आदी दाखवा, मग लिवतो."

आणि खंडेनवमी! त्या दिवशी प्रत्येक यंत्राला झेंडूचा एक हार आणि एक नारळ. हार दत्तोबा स्वतः पहाटे बाजारातून मोजून आणतात. कोपऱ्यातला जुना प्रेस तीन वर्षं बंद आहे, पण त्यालाही हार असतो. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "बंद हाय, मेला न्हाई."

तीन वर्षांपूर्वी आपली कंपनी शेअर बाजारात उतरली. याच व्यासपीठावरून साहेब म्हणाले होते, "कामगार राहू नका, मालक व्हा." मी पीएफ काढून मालक झालो. ऐंशीचा शेअर दोनशेवर गेला. गुळगुळीत अहवालात छापलं होतं, यंत्रे बेचाळीस. या यंत्रांना रोज तेल घालणारा माणूस मी, मला मोजता येत नव्हतं का? येत होतं. पण भाव चढत असताना यंत्रं कोण मोजतो?

यंदा खंडेनवमीला भागधारकांनाही पेढ्याचं आमंत्रण होतं. आल्या एकट्या दुर्गाबाई. सांगवीच्या निवृत्त शिक्षिका, पेन्शनमधून शेअर घेतलेल्या. पेढा खाल्ला, शेडमधून एक फेरी मारली आणि दत्तोबांना सहज विचारलं, "हार किती आणलेत हो?"

"एकोणीस, बाई. एक बी यंत्र सोडलं न्हाई."

बाईंनी पर्समधून अहवाल काढला. पुढचं तुम्ही जाणता. आकुर्डीच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी हाच प्रश्न विचारला. साहेबांनी शांतपणे खुलासा केला की उरलेली तेवीस यंत्रं तळवड्याच्या दुसऱ्या युनिटमध्ये आहेत. बाई बस पकडून तळवड्याला गेल्या. तिथे मंडपवाल्याच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. आजच्या या खुर्च्याही त्याच मंडपवाल्याच्या असतील, तर मित्रहो, आपण सध्या कंपनीच्या मालमत्तेवरच बसलो आहोत. जरा जपून बसा.

शेअर एकतीसवर आला. दत्तोबांना केबिनमध्ये बोलावणं गेलं. मी तिथेच स्टुलावर चढून पंखा दुरुस्त करत होतो. साहेब प्रेमानेच म्हणाले, "दत्तोबा, बेचाळीस हार आणायला काय झालं होतं? कंपनीनं पैसे दिले नसते का?"

"साहेब, ऱ्हायलेलं तेवीस हार कुनाच्या गळ्यात घालू?"

मग यादी पुढे आली. बेचाळीस यंत्रे प्रत्यक्ष पाहिली, खाली स्टोअरकीपरची सही. दत्तोबांनी पेनाला हात लावला नाही. "एकडाव दाखवा, लगीच करतो." म्हणून आज, चौदा महिने आधीच, ते प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत. प्रकृतीचं म्हणाल, तर काल संध्याकाळी त्यांनी बोल्टची गोणी एकट्याने उचलली. देव त्यांना अशीच प्रकृती देवो.

आता तुम्ही विचाराल, मग त्या यादीवर सही कुणी केली? मी केली. स्टुलावरून उतरलो, पेन घेतलं, ‘स्टोअरकीपर’ खोडून ‘मेंटेनन्स’ लिहिलं आणि केली. माझी अंजली इंजिनिअरिंगला आहे. तिची फी त्याच शेअरमध्ये अडकलेली. वाटलं, कागद सावरला तर भावही सावरेल. भाव काही सावरला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी स्टोअरच्या खिडकीवर गेलो, तर दत्तोबांनी न विचारता नवे हातमोजे पुढे सरकवले. जुने दाखवायला लागलो, तर म्हणाले, "तुला आता दाखवायची गरज न्हाई, भीमराज."

तीस वर्षांत मला मेमो मिळाले, पगार कापला गेला, एक बोट गेलं. एवढं कशानेच लागलं नव्हतं.

सोमवारी शेअर बाजाराकडून तपासणीला माणसं येणार आहेत. त्यांना शेड फिरवून दाखवायचं काम अध्यक्षांनी विश्वासाने माझ्यावर सोपवलं आहे, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी सगळं नीट दाखवीन. बंद प्रेससुद्धा दाखवीन. एकूण एकोणीस. त्या यादीवरची माझी सही मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. फीचं बघू, अंजलीला मी कालच सांगितलं आहे.

विजयश्री मॅडम, चिठ्ठी मिळाली. आटोपतोच.

बोलण्याची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे, शांतपणे ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही जास्त झालं असेल, तर पोटात घाला. दत्तोबा, तुमची माफी मात्र अशी फुकट मागत नाही. हे माझे जुने हातमोजे. आधी बघून घ्या, मग द्या.