चष्म्यातून काढलेला क्रूस

या, जरा जवळ सरकून बसा. मालवणच्या एसटी स्टँडवरची गोष्ट सांगायची आहे. कीर्तनाला निघालेल्या राधाबाई देवबागच्या गाडीची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर पर्यटकांना खोल्या देणारी इनासिया आणि तिची वेबसाईट सांभाळणारा भाचा सॅविओ यांचं असं जुंपलं होतं, की राधाबाईंचा जप थांबला.

"मावशे, चष्मेवाल्या कंपनीच्या ह्या कागदार सही कर. आता वेबसाईट कोण उघडीत नाय. लोक तो आभासी चष्मो लावतत, घरभर फिरतत आणि थंयच खोली घेतत."

"फिरूंदेत. पण त्या चष्म्यात माझ्या अंगणातलो क्रूस खंय गेलो?"

"समुद्र आडवता म्हणान कंपनीन काढलो. चित्रातलोच काढलो गो."

"आणि पावणे इले तर? चित्रात नाय तो हंय कसो, म्हणान माकाच नावां ठेवतले. मगे तू कुदळ घेवन येशीत?"

"सही नाय केलंस तर पावणेच येवचे नाय. माझी साईट पण बंद पडतली."

"पडांदे. होडयेसकट बुडलेल्या माझ्या घोवाचो, जॉनचो क्रूस तो. त्येचा शरीर मिळाक नाय, सॅविओ. माका मेणबत्ती लावक दुसरी जागा नाय."

सॅविओनं कागद पुन्हा तिच्यापुढे धरला.

"कंपनीक सांग, क्रुसासकट घर दाखवा, नायतर माझा घर दाखवू नका."

"खोलये रिकामे ऱ्हवतले, मावशे."

"ऱ्हवांदेत."

गाडी लागली. राधाबाईंनी इनासियासाठी खिडकीजवळची जागा धरली.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा देवबागच्या जॉनचंही नाव घ्या.