सुमनच्या जागी कॅरल

(लेस्टर. रविवारची दुपार. वरदा सकाळच्या ट्रेनने लंडनहून वडिलांकडे आली आहे.)

मुरलीधर: काढून टाकली म्हणजे? तुझ्या आईची गोष्ट आहे ती. तीच काढली तर सिरीयलमध्ये उरलं काय?

वरदा: बॉम्ब आहे, बाबा. स्पेनमधले बास्क मिलिटंट्स आहेत, पोलीस आहेत, तो बीचवरचा गाव आहे. फक्त मरणारी बाई आता आई नाही. कॅरल आहे. नॉर्विचची.

मुरलीधर: तो गाव नाही, ते गाव. आणि कॅरल का?

वरदा: प्रोड्यूसर म्हणाली, पहिल्याच एपिसोडमध्ये ब्राउन बाई मरते, हे बरं दिसत नाही. लोक म्हणतील, यांना तुम्ही फक्त मरायला ठेवता. म्हणून ब्राउन बाईला स्ट्राँग रोल दिला. लंडनची डिटेक्टिव्ह, माया. ती सगळ्यांना पकडते.

मुरलीधर: तू सांगितलंस ना, हे खरंच घडलंय म्हणून?

वरदा: दोनदा. ती रडली पण. मग म्हणाली, डायव्हर्सिटीच्या अँगलने तरी मायाच बरोबर आहे.

मुरलीधर: तेव्हा इथल्या पेपरात आलं होतं, एक भारतीय महिला ठार. पुण्याच्या पेपरात आलं, एक ब्रिटिश महिला ठार. नाव कुठेच नाही. मी दोन्हीकडे पत्रं पाठवली, कुणी छापलं नाही. तू लिहायला घेतलंस तेव्हा वाटलं, आता टीव्हीवर कोणीतरी तिला सुमन म्हणून हाक मारेल. मंडळात सगळ्यांना सांगून बसलोय मी.

वरदा: सॉरी, बाबा.

मुरलीधर: तू कशाला सॉरी.

वरदा: मी माझा नाव पण काढणार आहे. उद्या दुपारपर्यंत ईमेल करायचा आहे, क्रेडिट नको म्हणून.

मुरलीधर: नको. राहू दे.

वरदा: मला लाज वाटते ते बघायला.

मुरलीधर: दोघींपैकी एकीचं तरी दिसू दे.

वरदा: तुम्हाला सगळं सांगितलं नाही अजून. शेवटचा सीन त्यांनी ठेवलाय. कॅरलचा नवरा रस्त्यावर बसून तिचा हात धरतो, ती जाईपर्यंत. तो तुमचा सीन होता. तुम्ही आईचा हात धरलेला. तो दुसऱ्या माणसाला दिला, आणि मी मीटिंगमधून उठून टॉयलेटमध्ये जाऊन बसले.

मुरलीधर: तो त्यांच्याकडेच राहू दे.

वरदा: का?

मुरलीधर: तसं झालं नव्हतं.

वरदा: तुम्हीच सांगितलं मला. किती वेळा सांगितलं.

मुरलीधर: तू सात वर्षांची असताना विचारलंस, जाताना आई एकटी होती का. काय सांगणार होतो? एकदा हो-नाही करत सांगितलं, मग तेच सांगत राहिलो. तू ते लिहिशील, असं कुठे वाटलं होतं.

वरदा: मग काय झालं होतं?

मुरलीधर: मी तुला उचललं आणि पळालो. तुझ्या कपाळातून रक्त येत होतं. कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलो. तिथली बाई बास्कच होती. तिने तुला अॅप्रनमध्ये गुंडाळलं, तोंडाने सारखं काहीतरी म्हणत होती, मला एक अक्षर कळलं नाही. तुला तिच्याकडे देऊन परत आलो, तोवर पोलिसांनी रस्ता बंद केला होता.

वरदा: बाबा, मी पाच वर्षांची होते. तुम्ही दुसरं काय करणार होता?

मुरलीधर: काहीच नाही. ते कळतं मला.

वरदा: आणि आई तर लगेच गेली असेल.

मुरलीधर: नाही.

वरदा: तुम्ही बघितलं?

मुरलीधर: माझी पाठ होती. हाक मारली तिने. तुला की मला, ते नीट ऐकू आलं नाही.