झाकणावरची चिठ्ठी

मंडळी, आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही, मनातल्या मनात द्यायचं — कारण मोठ्यानं आपण सगळेच बरोबर उत्तर देतो!

तुमच्या दारात एक पाहुणा उभा राहिला. कधी न पाहिलेला. हातात कापडी पिशवी. पिशवीवर छापलंय — 'मोतीशेठ आणि मंडळी, लग्नाच्या बस्त्याचे व्यापारी'. आता तुम्ही काय म्हणाल? "या मोतीशेठ, बसा"? नाही ना! हसताय काय? अहो, ती पिशवी कुठल्या तरी लग्नाच्या खरेदीत आलेली. त्या बिचाऱ्यानं त्यात टॉवेल आणि विड्याचं सामान भरलंय! तुम्ही काय करता? पाण्याचा तांब्या पुढे करता आणि विचारता — "आपलं नाव काय? गाव कुठलं?"

म्हणजे पिशवीवरून माणूस ओळखायचा नाही, हे आपल्याला कळतं. कळतं ना? मग मला सांगा — कळत असूनही रोज सकाळी उठून आपण हीच चूक का करतो? वरची चिठ्ठी वाचतो आणि आतल्याला विचारायचं राहून जातं! का?

वरची चिठ्ठी पुसून टाका ।
आतल्याला मारा हाका ॥

हे माझंच जोडलेलं आहे बरं का, कुठल्या संतांच्या माथी मारू नका! पेटीवाले, हसू नका, सूर धरा. ऐका आता.

मी कोरेगावचा. आमच्या आळीत एक मुलगी राहते. गोदा म्हणू तिला. वय सव्वीस. जन्मापासून डोळ्यांना दिसत नाही. घरात आई, आणि वडील आप्पा, पोस्टातून निवृत्त झालेले. आता तुम्ही लगेच "अरेरे" म्हणालात — मी ऐकलं! थांबा. अजून मुलगी तुम्हाला भेटायची आहे आणि तुमचं "अरेरे" दारात जाऊन उभंसुद्धा राहिलं!

गोदा काय करते? टायपिंग. कीबोर्डवर अशी बोटं चालतात की आमच्या तबलजींनी शिकावं. दिसत नाही, मग कळतं कसं? तर लॅपटॉप बोलतो! पडद्यावर जे येईल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम विंडोजमध्येच असतो. तो बोलतो, गोदा ऐकते, बोटं चालतात. म्हणजे आपला लॅपटॉप पडद्यावर चालतो, गोदाचा चालतो आवाजावर. हे लक्षात ठेवा. सगळी कथा या एका गोष्टीवर उभी आहे.

पुण्याच्या एका संस्थेत नोकरी होती. अंध मुलांसाठी पुस्तकं तयार करायची, कोणी बोलून सांगेल ते टाइप करायचं. चाचणी घरूनच, आपल्याच लॅपटॉपवर. पण नियम कडक — दोनदाच बसता येईल. पहिल्या खेपेला ऐन वेळी वीज गेली. आता ही दुसरी. शेवटची! सोमवारी दुपारी चार वाजता.

आणि शनिवारी लॅपटॉप बसला. चालूच होईना.

आप्पांनी तो बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं काय केलं? फॉर्मॅट मारला! म्हणजे होतं नव्हतं ते पुसलं आणि विंडोज नव्यानं टाकली. रविवारी संध्याकाळी म्हणाला, "घेऊन जा आप्पा, एकदम चकाचक चालू आहे." आप्पांनी पाहिलं — खरंच, पडदा उजळला होता. आणला घरी.

सोमवारी सकाळी नऊला गोदानं लॅपटॉप उघडला. बटण दाबलं. वाट पाहिली. काही नाही. आवाज चालू करायची बटणं दाबली. काही नाही! ती म्हणाली, "आप्पा, हा बंद आहे."

आप्पा म्हणाले, "अगं नाही, चालू आहे. निळं चित्र दिसतंय, फुलं दिसतायत."

"आप्पा, मला फुलं काय करायचीत? हा मुका झालाय!"

मंडळी, आप्पा ताडकन उठले. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला — बंद. दुकान? सोमवारी आमची पेठ बंद असते. एका भाच्याकडे दुसरा लॅपटॉप होता, तो भाचा लॅपटॉपसकट नाशिकला! आप्पा खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "राहू दे गं पोरी. आपल्या नशिबातच नाही."

गोदा काय म्हणाली असेल? ती म्हणाली, "आप्पा, साडेनऊ वाजलेत. चारला अजून वेळ आहे. शेजारच्या काकांना बोलवा."

हे शेजारचे काका म्हणजे — नाव नको, आपण त्यांना पंत म्हणू — आळीतलं मोठं प्रस्थ! कपाळावर टिळा, नाकावर चष्मा, हातात हा एवढा मोबाईल. कुणाचं लग्न जमवायचं, बोलवा पंतांना! गॅस येत नाही, बोलवा पंतांना! त्यांना काही येतं म्हणून नाही हो, त्यांना "मला येत नाही" एवढंच येत नाही म्हणून!

पंत आले. पडद्यात पाहिलं. खाली कोपऱ्यात आवाजाच्या चिन्हावर लाल फुली. म्हणाले, "ड्रायव्हर नाही."

आजी, तुम्ही मान हलवलीत, पण हा एस.टी.चा ड्रायव्हर नव्हे! ऐका. यंत्राच्या पोटात पुष्कळ भाग असतात. आवाजाचा एक, पडद्याचा एक, नेटचा एक. विंडोज म्हणजे नवा कारभारी. पण प्रत्येक भागाची बोली निराळी! कारभाऱ्याला ती समजत नाही. मग मध्ये दुभाषी लागतो. त्या दुभाष्याला म्हणायचं ड्रायव्हर. आवाजाचा भाग धडधाकट आहे हो, पण त्याच्याशी बोलायला कोणी नाही. माणूस घरात आहे आणि कोणी हाकच मारत नाही. सांगा, तो बोलणार कसा?

पंतांनी मोबाईलची वायर जोडून लॅपटॉपला नेट दिलं. म्हटलं, आपोआप येईल. तासभर बसले. बाकी सगळं आलं, आवाज आला नाही!

मग पंतांनी लॅपटॉप उलटा केला. मागच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवलेली — कंपनीचं नाव, मॉडेलचा नंबर. पंत खूश! "हे बघ, नंबर सापडला. आता पाचच मिनिटं!" त्या नंबरावरून कंपनीच्या पानावरचा आवाजाचा ड्रायव्हर उतरवला. टाकला. लॅपटॉप म्हणाला — म्हणाला कसला, मुकाच तो — लिहून दाखवलं: हा या यंत्रासाठी नाही.

पंत म्हणाले, "यंत्राला काय कळतंय!" पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मग जुना टाकला. त्याहून जुना टाकला. मग कुठून तरी हजार ड्रायव्हरांचं गाठोडंच उतरवलं आणि दिलं सगळं पोटात ढकलून! काय झालं असेल? पडदा काळा! आधी मुका होता, आता आंधळा... (थांबा, थांबा. हा शब्द तेव्हा पंतांच्या तोंडून गेला होता. म्हणाले, "गोदे, आता हापण तुझ्यासारखाच झाला." आणि स्वतःच हसले. आप्पा हसले नाहीत. गोदाही नाही.)

साडेबारा वाजले. पडदा कसाबसा परत आणला. पंत घाम पुसत म्हणाले, "हे बघ गोदे, मशीनमध्येच दोष आहे. माझं सगळं बरोबर आहे, चिठ्ठीवर स्पष्ट छापलंय. नंबर काय खोटा बोलेल?"

आप्पा म्हणाले, "मी त्या संस्थेला फोन करून सांगतो, येत नाही म्हणून."

"फोन ठेवा आप्पा," गोदा म्हणाली. आवाज चढला नाही हो तिचा! "चारला अजून वेळ आहे. काका, लॅपटॉप बंद करा आणि माझ्या मांडीवर उलटा ठेवा."

ठेवला. तिनं झाकणावरून बोटं फिरवली. कडेनं. कोपऱ्यातून. एकेका स्क्रूवरून. आई जशी तापलेल्या लेकराच्या अंगावरून हात फिरवते ना, तशी! एका कडेला थांबली. म्हणाली, "आई, केरसुणीची एक काडी दे."

कडेला एक खाच होती. कॅमेऱ्याचं कार्ड घालतात ना, तसली. तिनं काडी आत घातली. काडी जातेय, जातेय — सगळी आत गेली! अडलीच नाही.

"काका, झाकणाला कार्डाची खाच आहे. पण आत कार्ड धरणारं काहीच नाही. आणि इकडे इयरफोनचं भोक झाकणानं अर्धं दाबलंय. तीन स्क्रू एका जातीचे, हा चौथा निराळा. मला वाटायचं, जुना घेतलाय, असाच असेल." थोडी थांबली. म्हणाली, "हे झाकण याचं नव्हेच. जुनं फुटलं असेल, विकणाऱ्यानं दुसऱ्याचं बसवलंय. तुम्ही सकाळपासून चिठ्ठी वाचताय ती दुसऱ्या कुणाची तरी आहे!"

मंडळी! दोन डोळ्यांवर दोन भिंगं लावून पंतांनी दोन तास ती चिठ्ठी वाचली. आणि जिला दिसत नाही तिनं एका काडीनं सांगितलं — चिठ्ठी खोटी! डोळस कोण हो यातलं? सांगा ना! आता का गप्प?

पंत म्हणाले, "मग खरा नंबर कळणार कसा? आता कुणाला विचारायचं?"

गोदा म्हणाली, "त्यालाच विचारायचं."

पाहिलंत? त्यालाच विचारायचं! तिला माहीत होतं, यंत्राच्या पोटात प्रत्येक भाग स्वतःची ओळख धरून बसलेला असतो. तिनं सांगितलं तसं पंतांनी आतल्या भागांची यादी उघडली. त्यात एकापुढे पिवळा त्रिकोण. आणि नाव काय लिहिलंय? 'अनोळखी'. अहो, आपल्याच घरात इतकी वर्षं राहून अनोळखी! त्यावर गेले, आणखी आत गेले, तेव्हा मिळाली एक लांबलचक ओळ — अक्षरं आणि आकडे. ती त्याची खरी ओळख. झाकण बदला, पडदा बदला, विंडोज पुसा, ती पुसत नाही!

"वाचा काका. सावकाश."

पंतांनी वाचलं. गोदानं आपली ब्रेलची पाटी घेतली, कागदाला टोच्यानं टोचत टोचत लिहिलं. मग म्हणाली, "पुन्हा वाचा." पंत म्हणाले, "अगं, वाचलं की आत्ता!" "पुन्हा." दुसऱ्यांदा वाचताना आठ होता तिथे बी आला! "काका, आठ की बी?" पंतांनी चष्मा पुसला, नाक पडद्याला लावलं. "बी गं बाई, बी." एक अक्षर चुकलं असतं तर पुन्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात!

गोदानं स्वतःच्या बोलत्या फोनवर ती ओळ शोधली. पहिलं पान जाहिरातींचं. दुसऱ्यावर पैसे मागतायत. तिसरं — तो आवाजाचा भाग बनवणाऱ्या कंपनीचं. ओळ जुळली? अक्षर अन् अक्षर जुळवलं. जुळली! आप्पा म्हणाले, "तीन वाजायला आले गं." ती म्हणाली, "येऊ देत."

ड्रायव्हर उतरवला, वायरीनं लॅपटॉपमध्ये घेतला, टाकला. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. आई देव्हाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. आप्पांनी खुर्चीचा हात धरून ठेवला. पंत — पंत, आयुष्यात पहिल्यांदा, सल्ला द्यायचे विसरले. गोदानं बटणं दाबली.

आणि लॅपटॉप बोलला.

काय बोलला? काही मोठं नाही. "आवाज, चाळीस टक्के." एवढंच! पण मंडळी, आजवर मी पुष्कळ घंटा ऐकल्या, शंख ऐकले. त्या तीन शब्दांना आप्पा हुंदका देऊन रडले.

गोदा रडली नाही. तिनं आवाज वाढवला आणि म्हणाली, "आप्पा, दार लोटून घ्या. मला अर्धा तास सराव करायचाय."

चारला चाचणी झाली. नोकरी मिळाली. एक तारखेपासून ती कामावर आहे.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आख्यान छान झालं, आरती घ्या. घेतो! पण एक कबुली राहिली.

ते पंत म्हणजे मीच.

हसा! मला त्या दिवशी चिठ्ठी वाचता आली नाही असं नाही. चिठ्ठी फार छान वाचता आली, तेच तर दुखणं! लॅपटॉपची वाचली, आणि इतकी वर्षं त्या पोरीचीही वाचत होतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं 'आंधळी'. म्हणून "तुझ्यासारखाच झाला" म्हणून मोकळा झालो. घरात शिरल्या शिरल्या "गोदे, तुला काय वाटतं?" असं मी विचारलं असतं, तर बारा वाजताच काम झालं असतं. तीन तास मी घालवले. तिचे! त्या दिवशी मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "काका, क्षमा राहू द्या, कीर्तनात सांगा." म्हणून सांगितलं.

आणि आता तुमच्याकडे वळतो. ती आज माझ्याबरोबर या गावात आली आहे. तिकडे, डाव्या खांबाला टेकून बसली आहे. मघाशी ती देवळाच्या पायऱ्या चढत होती तेव्हा तुमच्यापैकी चौघींनी हात धरला. पुण्याचं काम केलंत. एकीनं सतरंजीवर जागा दिली. एकीनं "बिचारी" म्हटलं. एकीनं मला विचारलं, "बुवा, हिला प्रसाद हातात द्यायचा की द्रोणात?" मला विचारलं! तिला नाही. आणि माउलींनो, तिचं नाव? नाव कोणी विचारलं?

मी तिला आख्यानात गोदा म्हटलं. ते तिचं नाव नव्हे. ती मी चिकटवलेली चिठ्ठी.

खरं मी सांगणार नाही. टाळ घ्या हातात, आरती सुरू करू. आणि आरती झाली की प्रसादाच्या रांगेकडे धावायच्या आधी त्या खांबापाशी जा, आणि तिलाच विचारा.