दाढ गेली, कळ राहिली

सून : डॉक्टर, मागच्या सोमवारी तुम्ही आईंची दाढ काढलीत, पण जबड्यातली कळ काही जात नाही.

आजी : वाढलीय उलट. शेजारची काढा, म्हणजे सुटले.

दंतवैद्य : आ करा बघू. जखम तर छान भरलीय. चावताना दुखतं?

आजी : छे. काल कडक टोस्ट खाल्ला की.

दंतवैद्य : मग दुखतं कधी?

आजी : तुमच्याकडे येताना! दोन जिने चढायला लावता म्हातारीला. एरवी या खुर्चीत बसलं की थांबतं. दाढसुद्धा तुम्हाला घाबरते.

सून : आज नाही थांबलं, आई. अर्धा तास झाला बसून.

आजी : मळमळतंय पण. पित्त असेल.

दंतवैद्य : हात द्या. घामानं ओला झालाय... छातीत दुखतं?

आजी : काही नाही. तुम्ही आपले दात बघा.

दंतवैद्य : ताई, अँब्युलन्स बोलवा, आत्ता! हार्ट अटॅक असू शकतो.

सून : छातीत कळ नसताना?

दंतवैद्य : बायकांना, वयस्कांना नसते कधी कधी. जिने चढलं की जबडा दुखतो, मळमळतं, दम लागतो. आजी, अ‍ॅस्पिरिन सोसते ना? रक्तस्रावाचा त्रास, अल्सर?

सून : सोसते. बाकी त्रास काही नाही.

दंतवैद्य : ही गोळी चावून खा.

आजी : दाढ काढतो आणि वर चावायला सांगतो!

दंतवैद्य : दुसऱ्या बाजूनं. आणि उठू नका. साध्या खुर्चीत बसवून, उचलून खाली नेऊ.

(पाच दिवसांनी, हॉस्पिटलच्या खोलीत.)

सून : या डॉक्टर! इथेही आधी पित्तच म्हणत होते. मी तुम्ही निघताना दिलेली चिठ्ठी नाचवली, म्हटलं, आधी ईसीजी काढा. काढला, आणि जी पळापळ झाली! तासाभरात स्टेंट घातला.

आजी : कळ अशी गेली, जणू कधी नव्हतीच.

दंतवैद्य : आजी, ती दाढ...

आजी : चांगली होती ना?

दंतवैद्य : थोडी किडलेली. टिकली असती. कधी दुखतं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. चुकलं माझं.

आजी : चुकलं खरं. पण दुसऱ्यांदा पकड हातात घेण्याआधी विचारलंत.

दंतवैद्य : दवाखाना तळमजल्यावर हलवतोय. तुम्हाला चढायला नको.

आजी : नका हलवू. जिने नसते, तर तुम्हाला तरी कुठं कळलं असतं?