शेपटीवरचा हार

जबाब, दि. १७ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.२० वा.

नाव : शैला धम्मपाल येलवे. वय : ६१ वर्षे. धंदा : सेवानिवृत्त, परळ येथील एका रुग्णालयाच्या कृत्रिम हातपाय बनवण्याच्या कार्यशाळेत ३३ वर्षे तंत्रज्ञ. राहणार : बीडीडी चाळ, पहिला मजला, नायगाव, मुंबई.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर मुलगी प्रिती हिच्यासह राहते. पती सहा वर्षांपूर्वी वारले. काल दि. १६ रोजी सकाळी शिवाजी पार्क मैदानावर रिमोटवर चालणारे मोठे विमान कोसळून मैदानावर पाणी मारणारे कामगार रामजी, वय ५७, यांचा डावा हात मोडला. विमानाचे मालक श्री. अण्णा सबनीस, वय ७१, यांनी तक्रार दिली आहे की, हा अपघात विमानाची जोडणी करणाऱ्या बाईंच्या, म्हणजे माझ्या, निष्काळजीपणामुळे झाला. त्या तक्रारीबाबत माझे म्हणणे लिहून घ्यावे.

श्री. सबनीस विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले असून पत्नी ललिता व मुलगी ऋता यांच्यासह शिवाजी पार्कजवळ राहतात. त्यांना मी अकरा वर्षांपासून ओळखते. मधुमेहामुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, तेव्हा त्यांचा कृत्रिम पाय मी बनवला. त्या पायावर ते रोज सकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारतात आणि बरोबरच्यांना पाय जर्मनीहून मागवल्याचे सांगतात. पायाचा स्क्रू सैल झाला की मात्र जर्मनीला फोन न लावता मला लावतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ओळख कशी, असे विचारले म्हणून सांगितले.

दि. १४ जून रोजी दुपारी त्यांनी मला फोन करून घरी बोलावले. परदेशातून तीन खोकी आली होती. त्यात बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या फासळ्या व पट्ट्या, पेट्रोलवर चालणारे इंजिन, चाके, तारा आणि ८४ पानांची पुस्तिका होती. जोडल्यावर पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फूट भरणार होते. श्री. सबनीस म्हणाले, "शैलाबाई, तुमचा हात बसलाय असल्या कामाला. जरा बघा. मार्गदर्शन मी करीन." मी का गेले, असे विचारल्यावरून सांगते की, निवृत्त झाल्यापासून माझे हात रिकामे होते आणि ते लाकूड मला आवडले. मी कुणाची नोकर म्हणून गेले नाही.

त्यानंतर आठवड्यातून चार दिवस, दुपारी २ ते ६, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काम चालले. मार्गदर्शन म्हणजे श्री. सबनीस आरामखुर्चीत बसून पुस्तिका मोठ्याने वाचत. बहुतेक वेळा दोन पाने एकदम उलटत, आणि शेपटीचा मजकूर वाचून मला पंख तसा का जोडत नाही म्हणून विचारत. चार वाजता त्यांना डुलकी लागे. सगळ्यात जास्त काम चार ते सहा या वेळात झाले.

जुलैमध्ये बहिणीच्या ऑपरेशनसाठी मी आठ दिवस चिपळूणला होते. परत येऊन पाहते तो विमानाला दोन डावे पंख. डावा मी आधी जोडला होता. उजवा श्री. सबनीस यांनी स्वतःच्या हाताने, त्याच डाव्या पंखाच्या नकाशावर फासळ्या मांडून चिकटवला होता. मी दाखवल्यावर म्हणाले, "फॅक्टरी डिफेक्ट आहे. थांबा, मी त्यांना मेल टाकतो." टाकला. कंपनीने दोन ओळींत कळवले की उजव्या पंखासाठी नकाशाचे दुसरे पान वापरावे. हे उत्तर त्यांनी मला दाखवले नाही, ऋताने दाखवले. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी आलेला माणूससुद्धा कुणाला दोन डावे पाय देत नव्हता. मी इस्त्रीने एकेक सांधा गरम करून बावीस फासळ्या ब्लेडने सोडवल्या आणि पंख पुन्हा जोडला. त्यात नऊ दिवस गेले. विमान जोडण्याच्या कामात श्री. सबनीस यांचा स्वतःचा हात लागला तो एवढाच.

पंखांवर प्लॅस्टिकचा रंगीत पातळ कागद इस्त्री फिरवून ताणून बसवायचा असतो. इस्त्री जरा जास्त तापली की कागद वितळतो, कमी तापली की सुरकुत्या पडतात. ते काम मी सप्टेंबरमध्ये केले. त्या सुमारास सौ. ललिता यांच्याकडे पाहुणे आले होते. "या आमच्या शैलाबाई, इस्त्री फार छान करतात," अशी त्यांनी माझी ओळख करून दिली. पाहुण्यांपैकी एकीने मला कपड्यांचे दर विचारले. मी सांगितले की मी फक्त विमाने घेते.

दि. ८ नोव्हेंबर रोजी विमान पूर्ण झाले. शेवटचे काम तोल पाहण्याचे. दोन्ही पंखांखाली ठरलेल्या खुणेवर दोघांनी बोटे लावून विमान उचलायचे. ते सपाट राहिले पाहिजे, नाक किंचित खाली झुकले तरी चालेल, पण शेपटी खाली जाता कामा नये. शेपटी लांब असते, त्यामुळे तिथले थोडे वजनही फार भारी पडते. शेपटी जड झाली की विमान नाक वर करते आणि मग कुणाचे ऐकत नाही. पायाचेही तसेच असते, टाच थोडी चुकली की माणूस पडतो. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून नाकात ३१० ग्रॅम शिसे बसवले. एका बाजूने मी आणि एका बाजूने ऋताने उचलले. विमान सपाट राहिले. श्री. सबनीस यांनी त्याचा फोटो काढला, त्यात आम्हा दोघींची फक्त बोटे आली आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या इमारतीचे स्नेहसंमेलन होते. विमान स्टेजवर ठेवले होते. पंखाखाली पितळी पाटी होती : 'बांधणी – अण्णा सबनीस'. श्री. सबनीस यांनी पंचवीस मिनिटे भाषण केले. पाच महिने एकट्याने रात्रीचा दिवस कसा केला, बोटे कशी सोलली, पंख उलटा झाला तरी धीर कसा सोडला नाही, हे सांगितले. पंखाचे तेवढे खरे होते. मी मागच्या रांगेत होते. संस्थेने त्यांना प्रमाणपत्र दिले आणि इमारतीच्या अंकात दोन पाने छापली. मी बटाटवडा खाऊन घरी आले. घरी प्रितीने विचारले, तू काही बोलली नाहीस का? मी म्हटले, नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाला काय सांगायचे. पण मला वाईट वाटले होते, ते आता इथे सांगते.

घटनेबाबत विचारता, काल रविवारी सकाळी ६.३० वा. श्री. सबनीस यांनी मला मैदानावर बोलावले. मुंबईत असे विमान उडवायला परवानगी लागते, ती त्यांच्याकडे नव्हती, हे मला ठाऊक होते. "उडवायचं नाहीच. जमिनीवर पळवायचं, फोटो काढायचे, बस," असे ते म्हणाले होते. फिरायला आलेले वीसएक लोक जमले होते. सौ. ललिता यांनी नवी गाडी घेतल्यावर करतात तशी विमानाची पूजा केली. कुंकू लावले, नारळ फोडला, चाकांखाली लिंबे ठेवली. त्याच्याशी माझे काही देणेघेणे नाही. त्यांचे विमान, त्यांची पूजा.

मात्र पुढे पंखा फिरतो म्हणून झेंडूचा हार त्यांनी शेपटीला घातला. दोन वेढे देऊन सुतळीने बांधला. हार दादरच्या फुलबाजारातला, पाणी मारलेला, माझ्या अंदाजाने चारशे ग्रॅमच्या आसपास. मागच्या चाकाला लिंबू-मिरची वेगळी. म्हणजे नाकात बसवले होते त्याहून जास्त वजन शेपटीच्या टोकाला आले.

मी म्हटले, "अण्णा, शेपटीवरचा हार काढा."

श्री. सबनीस हसले. म्हणाले, "राहू द्या हो शैलाबाई. तुमच्यात हे करत नाहीत, मला कल्पना आहे. पण आमची आपली एक श्रद्धा असते. समजून घ्या."

मी म्हटले, "मी श्रद्धेचं बोलत नाहीये, वजनाचं बोलतेय. शेपटी जड झाली. नाक वर येईल."

"अहो, उडवतंय कोण?" ते म्हणाले. जमलेल्यांपैकी एक गृहस्थ, नाव माहीत नाही, पांढरी टोपी, म्हणाले, "सकाळी सकाळी कशाला वाद? आजकाल सगळ्यातच राजकारण आणतात." बाकीचे दुसरीकडे बघू लागले.

मी वजनाचे बोलले आणि श्री. सबनीस यांनी चारचौघांत, गोड आवाजात, माझी जात काढली. तीही मोठा समजूतदारपणा दाखवल्यासारखी. मी तिथून निघून कट्ट्याजवळ जाऊन उभी राहिले. हार शेपटीवरच राहिला. ऋता मोबाइलवर चित्रण करत होती, त्यात हार स्पष्ट दिसतो. वरचे बोलणेही त्यात ऐकू येते.

सुमारे ७.०५ वा. इंजिन सुरू झाले. रिमोट श्री. सबनीस यांच्या हातात होता. विमान हळू पळू लागले. लोक टाळ्या वाजवून "अजून, अण्णा, अजून" म्हणू लागले. माझ्यासमोर त्यांनी रिमोटची दांडी शेवटपर्यंत पुढे ढकलली. तीस-चाळीस फुटांवर विमानाने नाक वर केले आणि जमीन सोडली. दोन मजले उंच जाऊन हवेत उभे राहिले, डाव्या अंगावर कलंडले आणि खाली आले. तिथे रामजी धूळ बसवण्यासाठी पाणी मारत होते. त्यांची पाठ होती. उजवा पंख त्यांच्या कोपरावर बसला.

मी धावत गेले. हात कोपराच्या वर आणि खाली, दोन ठिकाणी मोडल्याचे मला बघताच कळले. ओढणीने हात छातीशी बांधला. रामजी म्हणाले, "बाई, आधी पाइप बंद करा. पाणी फुकट चाललंय." मी नळ बंद केला. ऋता आणि मी त्यांना टॅक्सीने रुग्णालयात नेले. त्या वेळी श्री. सबनीस विमानाचे तुकडे गोळा करत होते. हार त्यांनी कधी काढला ते मला माहीत नाही. इथे जमा केलेल्या तुकड्यांबरोबर तो नाही. शेपटीला सुतळी मात्र अजून बांधलेली आहे, ती बघून घ्यावी.

मला श्री. सबनीस यांची तक्रार वाचून दाखवण्यात आली. त्यात लिहिले आहे की, विमानाची संपूर्ण जोडणी शैला येलवे यांनी केली असून आपण केवळ मालक आहोत. पाच महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून किंवा हातून प्रथमच आले. त्यासाठी रामजींचा हात मोडावा लागला.

ठाणे अंमलदारांनी मला समजावले की, "मॅडम, पाटी त्यांच्या नावाची, प्रमाणपत्र त्यांच्या नावाचं, अंकात छापून आलंय. तुम्ही फक्त म्हणा, मला यातलं काही माहीत नाही, अधूनमधून बघायला जात होते. तुमचा विषय संपला. पेन्शनीत बसलाय, कोर्टाच्या खेपा कशाला?" त्यांनी हे चांगल्या हेतूने सांगितले आणि मला चहा दिला. परंतु मला तसे लिहून द्यायचे नाही. सदर विमान पहिल्या फासळीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत मी जोडले. दि. ८ रोजी ज्या अवस्थेत ते माझ्या हातून सुटले, त्या अवस्थेत त्यात दोष नव्हता. जमा केलेले तुकडे मी आज पंचांसमोर पाहिले. लाकूड सांध्याच्या शेजारी तुटले आहे. माझा एकही सांधा उघडलेला नाही. कुणीही जाणकार माणूस आणून तपासून घ्यावे.

माझी चूक काय, असे विचारल्यावरून सांगते. मी दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा सांगितले नाही. पुढे होऊन हार ओढून काढायला हवा होता. नक्की काय होणार ते तिथे मला एकटीलाच कळत होते. पण मला राग आला होता, आणि मनात आले की होऊ दे यांची फजिती. फजिती व्हायची ती राहिली बाजूला, ज्याचा कशाशी संबंध नाही त्या माणसाचा हात गेला. रामजींना हे मी काल रुग्णालयात सांगितले आहे. एवढी चूक माझ्या नावावर लिहावी. हाराची लिहू नये.

वरील मजकूर संगणकावर टंकलेला असून मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'सदर विमान जोडण्याच्या कामी श्री. सबनीस यांना मदत केली' असे आले होते. ते मी खोडायला लावले आणि 'सदर विमान मी जोडले' असे घालून घेतले. खाडाखोडीशेजारी सही केली आहे. आता सांगितले तसे आहे.

सही/-
शैला धम्मपाल येलवे