डाव्या बाजूची पट्टी

मुलगी — शी! बाबा, ह्या डब्यात झुरळांनी संसार थाटलाय. अंडीसुद्धा आहेत.

बाबा — झटक आणि पुढची घे. स्लाइडला काही झालं नाही ना?

मुलगी — माझ्या हाताला काय लागलंय, ते नाही विचारलंत.

बाबा — हात धुता येतात. स्लाइडचं तसं नसतं. उद्या संग्रहालयाची माणसं माझ्या फोटोंचे डबे न्यायला येणार आणि यादी अजून अर्धीही झालेली नाही. माझे डोळे असते तर तुझ्या विनवण्या केल्या नसत्या, रडूबाई.

मुलगी — पन्नाशी उलटली माझी. आता तरी ते नाव सोडा.

बाबा — बरं, सोडलं. काय आहे पुढच्या स्लाइडवर? तू नुसतं वर्णन कर, नाव मी सांगतो. दिसत नसलं तरी एकेक पाठ आहे मला.

मुलगी — म्हातारा. भिंतीला टेकून बसलाय. अनवाणी, टाचांना भेगा.

बाबा — हां! लिही, 'पायपीट'. कॅलेंडरवर गेली होती ती. भेगा बघ कशा आल्यात.

मुलगी — बघितल्या. आणि ही तिच्या आधीची. तोच म्हातारा, तीच भिंत. पायात चांगल्या चपला आहेत.

बाबा — मग? काढायला लावल्या. चपलेत गरिबी दिसत नाही.

मुलगी — किती सहज बोलता हो तुम्ही!

बाबा — चहा पाजला की त्याला! तोही खूश, मीही खूश. तुझ्या का पोटात दुखतंय?

मुलगी — दुखत नाही. जुन्या फिल्मचा हा आंबट वास डोक्यात गेलाय. चपलावाली यादीत घ्यायची का?

बाबा — छे! वेगळी ठेव.

मुलगी — मग फेकून देते.

बाबा — खबरदार! फिल्म कधी फेकायची नसते. जन्मात एक तुकडा फेकला नाही मी. तुझ्या आईने डबे माळ्यावर टाकले, तेव्हा महिनाभर बोललो नव्हतो तिच्याशी.

मुलगी — तेवढाच तिला आराम.

बाबा — टोमणे पुरे. आता लाल डबा घे. 'अश्रू' त्यात आहे.

मुलगी — माझा फोटो.

बाबा — तुझा कसला? जगाचा झालाय तो! पुस्तकांवर छापला, परदेशातल्या लोकांनी बक्षीस दिलं. संग्रहालयाच्या प्रदर्शनात दारातच लावणार आहेत. तू पडलीस काय, भोकाड पसरलंस काय, मी फक्त टिपलं. पहिल्यापासूनच रडकी तू.

मुलगी — सापडली. बाबा, हिला बुरशी लागलीय. डावीकडून जाळं चढत आलंय, पार गालापर्यंत.

बाबा — अरे देवा! पूस ना मग. कापूस घे, स्पिरिट घे. हलक्या हाताने.

मुलगी — नुसतं पुसून नाही जायची. डावीकडे काळी पट्टी चिकटवलीय तुम्ही. बुरशी तिच्याखालूनच येतेय. आधी पट्टी काढावी लागेल.

बाबा — पट्टी राहू दे.

मुलगी — मग बुरशीही राहील. दारात बुरसटलेला गाल चालेल तुम्हाला?

बाबा — अगं, डावीकडे काही नाही. फालतू पसारा होता घरातला, म्हणून झाकला. हात लावू नकोस, सांगतो ना!

मुलगी — निघालीसुद्धा. शी, गोंदाचा नुसता लगदा झालाय.

(मुलगी स्लाइड पुसून दिव्यासमोर धरते.)

बाबा — गेली का बुरशी?

मुलगी — पसारा नाहीये, बाबा. हात आहे.

बाबा — कसला हात?

मुलगी — एकेक पाठ आहे ना तुम्हाला? मोठ्या माणसाचा हात. माझ्या दंडाला चिमटा काढलाय. चांगला मुरगाळून.

बाबा — तुझ्या आईचा असेल.

मुलगी — आईचा?

बाबा — मग कोणाचा? घरात तिसरं होतं कोण? तू सारखी किरकिर करायचीस, ती वैतागायची. आता बोलू नये, पण रागीटच होती. म्हणून तर पट्टी लावली. तिची लाज राखली मी.

मुलगी — केवढे उपकार! बाबा, तुम्ही घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला का ठेवता?

बाबा — हे काय मधेच? कॅमेरा डोळ्याला लावला तरी वेळ दिसावी म्हणून. पहिल्यापासूनची सवय आहे.

मुलगी — ह्या हातातही तबकडी आतच आहे.

बाबा — एक चिमटा गं. कॅमेरा स्टँडवर होता, बटणाची वायर दुसऱ्या हातात. एकच चिमटा. कोणते आईबाप काढत नाहीत?

मुलगी — एकच? फिल्म फेकायची नसते ना, त्या दिवशीच्या सगळ्या स्लाइड आहेत इथे. पहिलीत मी हसतेय. दोन्ही हात पसरून, तुमच्याकडे बघून. दंड स्वच्छ. मग ओठ काढलेत. मग दंड लाल. मग आणखी लाल. आणि शेवटची सांगू? रडता रडता मी त्याच हाताला बिलगलेय.

बाबा — त्या फोटोने आपल्याला घर दिलं. तुझं शिक्षण झालं.

मुलगी — आणि नावही पडलं. शाळेत रडूबाई, सासरी रडूबाई. एवढी लाज वाटायची की रडणंच सोडलं मी. आई गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस नाही आला. लोक म्हणाले, काय दगडाच्या काळजाची पोरगी. आणि आज ती नाही बोलायला, तर तुम्ही खुशाल तिच्यावर ढकलता! चिमट्याचं एक वेळ सोडून दिलं असतं. पण हे? किळस येते मला तुमची, बाबा.

बाबा — झालं बोलून? मग दुसरी पट्टी लाव. सकाळी माणसं येतील. अगं, डोळे गेले, एवढं एक नाव उरलंय माझं. 'अश्रू' लिही आणि बंद कर डबा.

मुलगी — लिहिलं.

बाबा — वाच बघू.

मुलगी — 'मुलगी, वय तीन वर्षं. हात छायाचित्रकाराचा.' सगळ्या ओळीने लावल्यात. मी हसतेय त्या स्लाइडपासून.

बाबा — असं नको करूस. ऐक. कुठे चाललीस? बाळा? पाण्याचा आवाज कसला येतोय? रडतेयस का?

मुलगी — नाही बाबा. हात धुतेय.