नागिनीवर माझा विश्वास नव्हता

माझं माहेर पारोळ्याकडचं, सासर अमळनेरकडचं आणि सगळा जन्म गेला इथे सुरतेच्या डिंडोलीत. लग्न झालं तसं जयूच्या, म्हणजे माझ्या पोरीच्या, पप्पांनी मला सुरतेला आणलं, ते लूमवर, इकडे मागाला सांचा म्हणतात, बारा-बारा तास सांचा चालवायचे, आणि मी घरात बसून साड्यांना टिकी, म्हणजे त्या चमकत्या टिकल्या, लावायची, अजून लावते. पर्वत पाटिया भागातून माल येतो, तो टेम्पोवाला खालूनच ओरडतो, बेन, माल आव्यो. घरात आमची अहिराणी, बाहेर हिंदी-गुजराती, तुम्ही लिहून घेता म्हणून तुमच्याशी आपली शाळेतली मराठी बोलून राहिली, चुकलं तर सांभाळून घ्या.

संशयी मी लहानपणापासूनच. दूधवाल्याचा संशय, टेम्पोवाल्याचा संशय, शेजारीण हसली तरी संशय आणि नाही हसली तरी संशय. जयूचे पप्पा म्हणतात, तू देवळात गेली तरी चपला पिशवीत घालून दर्शन घेशील. घेतेच मी. आता याचं मूळ सांगते. आमच्या गावच्या यात्रेत कुस्त्या व्हायच्या, बायांना तिथे जागा नव्हती, आम्ही पोरीबाळी घराच्या धाब्यावर, मातीच्या छपरावर बसून लांबून बघायचो. एका वर्षी दोन नामी पैलवान अर्धा तास लढले, एक पडला तो उठेना, मी त्याच्यासाठी इतकी रडली की रात्री जेवली नाही. आणि सकाळी बाबा म्हणाले, येडी रे येडी, ती नुरा कुस्ती होती, आधी ठरवून केलेली, ते दोघे आत्ताच एका गाडीत बसून पुढच्या गावच्या यात्रेला गेले. काय सांगू तुम्हाला, माझं रडू फुकट गेलं त्याचा मला जो राग आला तो आला, तेव्हापासून कोणी रडलं की मी आधी बघते, खरं रडतं का.

आणि माझ्याच पोटी पैलवान यावी. जयश्री माझी, एकुलती. नववीत होती तेव्हा साड्यांचा गठ्ठा डोक्यावर घेऊन तीन जिने चढायची, तो टेम्पोवाला बघतच राहायचा. शाळेच्या खेळाच्या बाईंनी तिला कुस्तीत घातली. आमच्या लोकांनी नाकं मुरडली, पोरीची जात, मांडीभर कपडे, लग्न कोण करेल. पप्पा एकच बोलले, मना बाप पैलवान व्हता, पोरगी जाई तालीममां. झालं, पोरगी गेली तालमीत. राज्यात पदक आणलं, दोनदा आणलं, मग टीव्हीवाल्यांनी तिला बघितलं.

तो दर शनिवारी संध्याकाळी सहाचा कार्यक्रम, तुम्ही बघितला असेल, लाइटा, धूर, चौकोनी रिंगण, चारी बाजूंनी दोर, आणि माणसं एकमेकांना उचलून आपटतात. त्याचं चित्रीकरण उंबरगावच्या बाजूला होतं, तिथेच पोरींना राहायला खोली. तिथून पत्र आलं तेव्हा जयू माझ्यासमोर बसली आणि म्हणे, माय, तुले एक खरं सांगस, कोन जिंकी ते पहिलेच ठरेल ऱ्हास. माझ्या हातातली सुई थांबली. म्हटलं, म्हणजे नुरा? ती म्हणे, हो, नुराच, पण पडणं खरं असतं माय, पडायला शिकावं लागतं. मी तिच्याशी भांडली, खूप भांडली, दोन पदकं आणलेली पोर तू, आता खोटं लढशील? ती म्हणे, मी लढत नाही म्हण, मी खेळ दाखवते म्हण. गेली.

तिला नाव दिलं हीरा रानी. सुरत म्हणजे हिरे, असं त्या टीव्हीवाल्यांचं गणित. आमच्या घरात हिरा कोणी डोळ्यांनी बघितला नाही, आम्ही साडीवाले. तिच्या कपड्यांना चमकदार खडे लावलेले, मी पहिल्याच दिवशी बघितलं, गोंद कच्चा होता, दोन तर तिथेच गळले. आणि तिची दुश्मन कोण, तर नागिन. हिरवे कपडे, डोळ्यांना हे एवढं काजळ, हरियाणाची पोर, खरं नाव ममता. ती मागून यायची, जयूचे केस धरायची, पंचाची पाठ फिरली की बुक्की मारायची. पूर्ण गल्ली माझ्या घरात जमायची आणि तिला शिव्या घालायची. आमच्या शेजारच्या शोभाबाईंनी तर जयू जिंकावी म्हणून शनिवारचा उपास धरला. मला माहीत होतं सगळं ठरवलेलं आहे, पण शोभाबाईला कसं सांगू? ती साबुदाणा खायची आणि मी तिच्याकडे बघायची.

तरी त्या नागिनीच्या डोळ्यांचा मला संशयच. मी जयूला फोनवर विचारायची, ती पोर खरी कशी आहे गं? जयू हसायची, माय, ती चांगली शे. मी म्हणायची, चांगली माणसं इतकं चांगलं वाईट वागू शकत नाहीत.

मग एका शनिवारी काय झालं, नागिन माईक घेऊन उभी राहिली आणि म्हणे, अरी हीरा रानी, तेरी माँ तो साड़ी में टिकी लगाती है, तू हीरा कब से हो गई? टिकीची परात माझ्या मांडीवर होती हो. सगळ्या बाया माझ्याकडे बघून राहिल्या आणि मला कळेना कुठे बघू. तिला कोणी सांगितलं माझं काम? जयूनेच ना? म्हणजे घरातली गोष्ट पोरीने विकली असं मला वाटलं. चार दिवस मी तिचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी घेतला तर ती म्हणे, माय, मी ममताला तुझ्याबद्दल सांगत असते, अभिमानाने सांगते, तिच्या तोंडून कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी ऐकलं आणि घातलं, ममता बोलायला तयार नव्हती. मी म्हटलं, हो का, बोलली तर खणखणीत.

त्यानंतर महिन्याभरात जयूचे फोन बदलले. आधी रोज चेहरा दाखवून बोलायची, आता नुसता आवाज. विचारलं तर म्हणे, नेट नही माय. आवाजही कसा, एकेक शब्द ठेवून ठेवून, जशी डोक्यावर भरला हंडा घेऊन बाई चालते तसा. पप्पांना म्हटलं, काहीतरी आहे. ते म्हणे, तुला तर पौर्णिमेच्या चंद्रातही डाग दिसतो. आठ दिवस असे गेले. आणि शनिवार आला.

आता हे नीट ऐका. टीव्हीवर शनिवारी जे दिसतं ते आठ-दहा दिवस आधी झालेलं असतं, हे मला ठाऊक होतं, पण डोक्यात कुठे राहतं ते. जयू दोराच्या वर चढली, तिथून उडी मारायची, नागिनीने तिला हवेत धरून खाली टेकवायचं, असं ते करायच्या, शंभर वेळा केलेलं. तिने उडी मारली आणि ती आडवी पडली, डाव्या खांद्यावर. बाया ओरडल्या, शोभाबाईने तर चप्पल उचलली टीव्हीवर मारायला. आणि मी नुसती बघते, जयू ओरडली नाही. माझी पोर खेळात पडते तेव्हा केवढ्यानं ओरडते, आणि खरं लागलं तर तोंडातून आवाज काढत नाही, लहानपणी दारात बोट चेंगरलं तेव्हाही ओठ आत ओढून बसली होती. ओठ आत होते तिचे. आणि नागिन, ती सुद्धा क्षणभर वाकली, तिच्या तोंडावरची सगळी नागीण उतरली, मग तिने मान वर केली, हात उंचावले आणि हसली. पप्पांना म्हटलं, पोर उठी नही ऱ्हायनी. ते म्हणे, नाटक शे वं ते. टीव्हीवाल्यांनी तेच पडणं तीनदा हळू करून दाखवलं, आणि तिसऱ्या वेळेला पप्पांनीच फोन माझ्या हातात दिला.

मी फोन लावला. उचलला तो जयूने नाही. हॅलो, आंटी नमस्ते, मैं ममता. माईकवरचा तोच आवाज हो, माझ्या कामावर हसलेला. माझ्या पोरीचा फोन तिच्या हातात कसा? मी विचारलं, जयू किधर है? ती म्हणे, सो रही है. संध्याकाळचे सात वाजलेले, माझी पोर या वेळेला झोपत नाही. मी फोन ठेवला.

सकाळी उधन्याहून गाडीत बसली, एकटी. पप्पांना सांच्यावरून सुट्टी मिळेना, ते म्हणे, दोन दिवस थांब. मी थांबली नाही. भुसावळच्या गाडीनेच आयुष्यभर गेलेली मी, ती उलट्या दिशेची गाडी, दर स्टेशनला बाजूच्या बाईला विचारायची, उंबरगाव गेलं तर नाही ना?

खोलीवर पोचली, दार उघडंच. जयू खुर्चीवर मान मागे टाकून बसलेली, डावा हात झोळीत, आणि नागिन तिचे केस धुऊन राहिली. काजळ नाही, काही नाही, साधी सलवार, तोंडावर मुरुमं, विशीतली पोर. जयू दचकली, म्हणे, तू कसाले उनी माय? मी त्या ममतेवर सुटली. माझी हिंदी मोडकी, पण रागाला व्याकरण लागत नाही. तूने मेरी लड़की का हड्डी तोड़ा और अब बाल धोती है, ऊपर से फोन भी तेरे पास, झूठ भी बोलती है. ती उभीच, हातातून पाणी गळून राहिलं. जयू म्हणे, माय, तिले नको बोलू, चूक मनी व्हती, मी उडी लवकर मारली. मला वाटलं झाकून घेते आहे, भीती असेल.

म्हणून मी ममतेला स्वयंपाकाच्या ओट्याजवळ वेगळी गाठली. म्हटलं, सच बोल. ती म्हणे, आंटी, उडी बरोबर होती, माझा हात निसटला, घाम होता, जयश्री मला वाचवायला खोटं बोलते. आणि रडली. मी बघितलं, खरं रडत होती.

आता बघा, जगात माणसं चूक दुसऱ्याच्या अंगावर ढकलतात, आणि या दोघी ती आपापल्याकडे ओढून राहिल्या. मला पहिलं काय वाटलं सांगू? लाज वाटते, पण वाटलं ते सांगते. वाटलं, हेही यांनी आधी ठरवलं असेल, हीसुद्धा नुराच असेल. असं माझं मन.

दुपारी मॅनेजर आला. गोड बोलणारा, आंटीजी आंटीजी करणारा. त्याच्याच तोंडून निघालं की घरी सांगायचं नाही असं त्यानेच बजावलं होतं, टीव्हीवर यायच्या आधी बातमी फुटली तर मजा जाते म्हणे. म्हणजे माझी पोर गळ्याजवळचं हाड मोडून पडली होती आणि आईपासून ते लपवलं, कशासाठी, तर माझ्याच खोलीत बसलेल्या बायांची मजा जाऊ नये म्हणून! आणि पुढचं तर ऐका. तो म्हणे, पुढच्या भागात हीरा रानी झोळीतल्या हातानेच रिंगणात येईल आणि नागिन तो हात पिरगळेल, नुसतं दाखवायला, हळूच, लोक वेडे होतील. मी काही बोलायच्या आधी ममता म्हणाली, सर, मैंने कल भी मना किया था, आज भी मना है. त्याने विचारलं, पट्टा नको का? तो विजेतीचा पट्टा तिला मिळणार होता. ती म्हणे, नको.

तिथे माझा संशय पहिल्यांदा अडखळला. गेला नाही, अडखळला.

मी म्हटलं, साहेब, पोर माझी आहे, तिचा हात माझ्या घरी बरा होईल. आणि तिची बॅग भरली.

स्टेशनवर ममता बॅग घेऊन आली. फलाटावर लोकांनी तिला ओळखलं, ए नागिन, नागिन! एक म्हातारी बाई तर जवळ येऊन थुंकली, बिचारीचा हात मोडला आणि आता मागे मागे फिरते. ममता मान खाली घालून उभी. मी बाजूलाच होती, एक शब्द बोलली असती तर त्या बाईचं तोंड बंद झालं असतं, बोलली नाही. का नाही बोलली, मला अजून कळत नाही. गाडी सुटली तेव्हा ती हात हलवून राहिली होती आणि मी खिडकीतून आत सरकली. ते मला अजून टोचतं.

हाड जुळायला तीन महिने गेले. ममता रोज फोन करायची. दिवाळीनंतर एकदा आलीच, डिंडोलीत, हातात त्यांच्याकडच्या घेवर मिठाईचा डबा. शोभाबाईने दार लावून घेतलं. मी मात्र तिला बसवली, कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं, तिखट जाळ, डोळ्यांतून पाणी काढत तिने तीन भाकरी खाल्ल्या. मग माझ्याजवळ सरकून म्हणे, आंटी, मुझे भी सिखाओ, आणि परात ओढून टिकी लावायला बसली. सात लावल्या, सातही तिरप्या. मी उसवल्या. तेव्हा मी तिला स्टेशनावरचं बोलली, म्हटलं, त्या बाईला मी काही म्हटलं नाही, मला माफ कर. ती म्हणे, आंटी, वो मुझ पर नहीं, नागिन पर थूकी थी. असं म्हणाली, पण नजर परातीतच होती.

आता जयू परत निघाली. डॉक्टर हो म्हणाले, तो मॅनेजर बदलला, दुखापत झाली तर घरी त्याच दिवशी कळवायचं असं पप्पांनी कागदावर लिहून घेतलं, तो कागद मी तिघांकडून वाचून घेतला. पहिली कुस्ती ममतेशीच. ती न्यायला आली होती आज सकाळी. मी दोघींच्या हातावर दही-साखर ठेवली, आधी ममतेच्या, पाहुणी म्हणून. जयू म्हणे, माय, ती नागीण शे! म्हटलं, असू दे, नागिणीलाही आपण पंचमीला दूध ठेवतोच. दोघी हसत जिना उतरल्या.

कोण जिंकणार ते मी विचारलं नाही. जे जिंकेल ते जिंको, देव दोघींना धडधाकट ठेवो. पण त्या दोघी आपल्या पायांनी या दारातून पुन्हा आत येईपर्यंत मी कोणावरच विश्वास ठेवणार नाही, एवढं मात्र लिहा. आणि काय लिहिलं ते मला एकदा वाचून दाखवा.